हराळीचा हिशेब

गेल्या वर्षी दिवाळीला आठ दिवस होते तेव्हा कोकणात रेडीला आमच्या काकीच्या खळ्याशी सकाळी सकाळी एक ट्रक येऊन थांबला. रात्रभर घाट उतरून आला होता. मागचं फळकं पाडलं आणि ओल्या गोणपाटाखालून गरम वाफ बाहेर आली. आत गवताच्या गुंडाळ्या होत्या. सतरंजीसारखं गुंडाळलेलं, खाली दोन बोटं काळी माती चिकटलेलं हिरवंगार गवत. काकी जोत्यावर उभी होती. तिने एक गुंडाळी उलगडून पाहिली, पातं चिमटीत धरलं, खालचा तंतू ओढून बघितला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, ही हराळी गो. ही उपटून उपटून माजी कमर मोडली, आणि ह्येना ती इकत आणल्यान."

'ह्येना' म्हणजे तिच्या मुलाने, माझ्या चुलतभावाने. दादा मुंबईतली नोकरी संपवून गावी परतलाय. जुनं मातीचं घर उतरवून त्याने चिऱ्याचं नवं घर बांधलं आणि घरापुढे हिरवळ असावी अशी त्याची फार दिवसांची इच्छा होती. पस्तीस वर्षं ज्याने बाराशे माणसांच्या इमारतीत दिवस काढले, त्याला आपल्या दारात अनवाणी चालायला गवत हवंसं वाटलं, यात मला वावगं काहीच दिसत नाही. त्याने मला विचारलं होतं, "एक हजार फूट लॉनला खर्च किती येतो, ते जरा बघ." हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना झाला. उत्तर मिळायला मात्र अख्खं वर्ष गेलं.

गवताचा भाव सांगणं सगळ्यांत सोपं. तयार हिरवळीच्या चटया आज महाराष्ट्रातल्या रोपवाटिकांत चौरस फुटाला साधारण दहा ते वीस रुपयांच्या दरम्यान मिळतात. जात कोणती, हंगाम कुठला आणि माल एकदम किती उचलता, यावर भाव खालीवर होतो. म्हणजे हजार फुटांचं गवत दहा ते वीस हजारांत येतं. दादाने हाच आकडा धरला होता, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते.

कारण गवत येतं कुठून? पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास रोपवाटिकांची मोठी पेठ आहे, महाराष्ट्रभर झाडं तिथून जातात. तिथून रेडी चारशे किलोमीटरच्या आसपास. गुंडाळलेलं गवत जिवंत असतं, ते श्वास घेतं, गुंडाळीच्या आत तापतं. दीड दिवसात ते जमिनीवर उलगडलं नाही तर पिवळं पडून कुजायला लागतं. त्यामुळे स्वस्तातल्या परतीच्या गाडीची वाट पाहता येत नाही; सबंध गाडी करावी लागते, आणि ती रिकामी परत जाते त्याचंही भाडं आपणच देतो. दादाच्या बाबतीत गवताच्या किमतीहून भाडं जास्त झालं. लावणारी माणसं, रोलर आणि त्यांच्या दोन रात्रींची सोय वेगळी.

तरीही खरा खर्च गाडी येण्याच्या आधी होऊन गेला होता. तो मातीचा.

रेडीची जमीन जांभ्याची. वर तांबड्या मातीचा पातळ थर आणि खाली कातळ. ही माती आंबट असते, तिच्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, त्यामुळे घातलेलं स्फुरद ती स्वतःच धरून ठेवते आणि मुळांना मिळू देत नाही. वर तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस नत्र धुऊन नेतो. अशा जमिनीवर हिरवळ टिकायची तर निदान सहा इंच चांगली माती हवी. हजार चौरस फुटांवर सहा इंच म्हणजे पाचशे घनफूट, म्हणजे पाच ब्रास. त्यात इंचभर शेणखत मिसळायचं तर आणखी पाऊण ब्रासच्या वर. पाच ब्रास माती कुठून तरी खणून आणावीच लागते. कुणाच्या तरी डोंगराची कड, कुणाची तरी पडीक भाटली खरवडली जाते. ज्या गावाने लोहखनिजासाठी डोंगर पोखरलेले पाहिले आहेत, ज्याच्या खाणींचे खड्डे पाण्याने भरून तळी होऊन पडलेत, त्या गावात माती विकत आणताना माझं मन मागे सरतं. आणलेल्या मातीबरोबर लव्हाळ्याचे गड्डे आणि लाजरीचं बीही आलं. पहिल्याच पावसात ते गवताच्या वर डोकं काढून उभं राहिलं.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. गवताला चिकटून आलेली माती घाटावरची, काळी, चिकण. खाली आमची तांबडी, भुसभुशीत. दोन वेगळ्या पोताचे थर एकावर एक आले की पाणी मधल्या सांध्याशी अडतं. पावसात काळा थर स्पंजासारखा भरून राहतो, उन्हाळ्यात आकसून त्याला भेगा पडतात, आणि मुळं त्या दोन बोटांच्या थरातच घुटमळतात. मार्चमध्ये दादाने गवताचा एक कोपरा उचलला तर तो पायपुसण्यासारखा अलगद वर आला. पाच महिन्यांत मुळांनी खालच्या मातीशी ओळखच करून घेतली नव्हती. उपाय साधा होता: गवत अंथरण्याआधी तळची माती वर-खाली करून खरवडायची, चटईची माती शक्य तेवढी झटकायची किंवा धुवायची. अंथरणाऱ्यांना परतायची घाई होती, आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही.

आता पाण्याचं. दर चौरस मीटरला एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, हे प्रमाण लक्षात ठेवलं की कुठल्याही हिरवळीचं गणित पाटीवर मांडता येतं. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. कोकणपट्टीत कोरड्या दिवसांत गवताला रोज साधारण पाच मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर दिवसाला ४६५ लिटर. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दिवस होतात सुमारे २३५. गुणाकार केला तर एक लाख नऊ हजार लिटर. पाच हजार लिटरचा टँकर धरला तर बावीस टँकर.

त्याच ९३ चौरस मीटरांवर पावसाळ्यात आकाशातून पावणेतीन लाख लिटरहून जास्त पाणी पडतं आणि उतारावरून खाडीला जाऊन मिळतं. हा आकडा मी दोनदा तपासला. जेवढं पाणी लागतं त्याच्या अडीचपट पाणी त्याच जागेवर कोसळतं, आणि तरीही मे महिन्यात घरातली माणसं विहिरीत वाकून तळ बघतात. कोकणाची सगळी अडचण या दोन आकड्यांत आहे.

दिवसाला ४६५ लिटर म्हणजे किती, ते दुसऱ्या बाजूने पाहू. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं प्रमाण धरलं आहे. म्हणजे ती हिरवळ साडेआठ माणसांचं पाणी पिते. काकीला माणसांपेक्षा माड जवळचे, म्हणून तिच्यासाठी मी माडाचा हिशेब केला. पुऱ्या वाढलेल्या माडाला उन्हाळ्यात रोजचं चाळीस-पन्नास लिटर पाणी पुरतं. हजार फुटांत पंचवीस-पंचवीस फुटांवर लावले तर दोन माडही नीट बसत नाहीत. तर दोन माडांच्या जागेतलं गवत नऊ-दहा माडांचं पाणी पितं. काकीने हे ऐकलं आणि काहीच बोलली नाही. घराच्या मागल्या अंगाला तिचे अकरा माड आहेत.

एप्रिलच्या शेवटी विहिरीचं पाणी मचूळ झालं. समुद्र आणि खाडी दोन्ही जवळ. गोड्या पाण्याचा उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं. शेजारचं शिरोडा हे मिठागरांचं गाव, १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाचं. तिथे खारं पाणी म्हणजे पीक, इथे ते गवताच्या पात्याचं टोक जाळतं. आधी टोकं तपकिरी झाली, मग पाती, मग नारळाच्या करवंटीएवढे पिवळे डाग पडले आणि एकमेकांना जाऊन मिळाले. दादा रोज संध्याकाळी नळी धरून उभा राहायचा. पंपाच्या आवाजाने शेजारची काकू बाहेर यायची आणि काही न बोलता आत जायची. दोन्ही घरांच्या विहिरींना पाणी एकाच झऱ्याचं, हे दोन्ही घरांना ठाऊक होतं. त्या नजरेचा खर्च कुठल्या कोष्टकात बसवायचा ते मला समजत नाही, पण तो दादाने भरला आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने स्वतःहून नळी गुंडाळून ठेवली.

या गवताबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याची नावंच लोकांना गोंधळात टाकतात. बाजारात 'मेक्सिकन' किंवा 'कोरियन' म्हणून मिळणारं बारीक, गादीसारखं गवत झोयसिया कुळातलं, पूर्व आशियाकडचं. दादाने घेतलं ते दुसरं, बर्म्युडा जातीचं. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. हीच आपली हराळी, हीच दूर्वा. बर्म्युडा बेटाचं नाव तिला अमेरिकेत पडलं; ती जुन्या जगातली, आपल्या मेरांवर आणि पायवाटांवर पिढ्यान् पिढ्या रुजलेली. शेतकऱ्याने तिला शत्रू मानलं, कारण कांडी तुटून मातीत राहिली तर प्रत्येक पेरापासून नवी हराळी उभी राहते. भटजींनी तिला देवाच्या डोक्यावर ठेवलं, बहुधा त्याच गुणासाठी. रेडीला तर गणपतीचं मोठं स्थान. १९७६ साली खाणीच्या भागात जमिनीखालून द्विभुज गणेशाची मूर्ती निघाली आणि तेव्हापासून गोव्यातून, घाटावरून माणसं दर्शनाला येतात. तिथे वाहिल्या जाणाऱ्या जुडीतलं गवत आणि उरुळीहून ट्रकात आलेलं गवत एकच. फरक एवढाच की यंत्राने कापलेल्या हिरवळीला तीन दलांचा कोवळा शेंडा धरत नाही, आणि तणनाशक मारलं असेल तर तो देवाला वाहू नये, गुराला तर घालूच नये.

हराळीला ऊन लागतं, दिवसाचे निदान सहा तास. आंब्याच्या, फणसाच्या सावलीत ती विरळ होत जाते आणि मरते. सावलीत रुंद पात्याचं कार्पेट गवत तग धरतं, ते कोकणात आणि गोव्यात ओलसर जागी आपणहून माजतं. खाऱ्या पाण्याला सोसणारं पास्पॅलम नावाचं गवतही आहे. खाडीकाठच्या चिखलात त्याच्या जातीची भावंडं सापडतात. बागकाम करणाऱ्याने आधी स्वतःच्या जागेतलं ऊन घड्याळ लावून मोजावं आणि मेमधल्या विहिरीच्या पाण्याची चव घ्यावी, एवढं मी आता कुणालाही सांगेन. या दोन्ही गोष्टींना पैसा लागत नाही.

घरापुढे कापलेलं गवत ठेवायची हौस मुळात थंड, ढगाळ, वर्षभर भुरभुर पावसाच्या देशातली. तिथे मेंढ्या आणि विळे हे काम करत. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग याने गवत कापायचं यंत्र बनवलं. कापड गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून त्याला ती कल्पना सुचली होती. मग ही हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली आणि साहेबाबरोबर आपल्या छावण्यांत, जिमखान्यांत, बंगल्यांत पोहोचली. अमेरिकेत तिचं काय झालं, याचा अंदाज २००५ साली उपग्रहांच्या छायाचित्रांवरून बांधला गेला: हिरवळीखालचं क्षेत्र एक लाख साठ हजार चौरस किलोमीटरच्या वर. आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. त्याच देशात लास व्हेगासच्या वाळवंटी मुलखात पाणी खातं लोकांना हिरवळ काढून टाकण्यासाठी चौरस फुटावर पैसे देतं, आणि नेवाडा राज्याने २०२१ साली कायदा केला की ज्या शोभेच्या गवतावर कुणी चालत-खेळत नाही, त्याला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचं पाणी घालायचं नाही. चौरस फुटाला पैसे देऊन लावायचं, मग चौरस फुटाला पैसे देऊन उपटायचं. इतक्या लांबचा अनुभव आपल्याला आयता मिळतोय, तर तो घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

आणि लांब कशाला जायचं? रेडीच्या दक्षिणेला लागून तेरेखोल. नदीच्या अलीकडे असूनही ते गाव गोव्यात मोडतं. तिथे गोल्फच्या मैदानासह मोठं हॉटेल उभारायचं घाटत होतं. काजूवर जगणाऱ्या कुळांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेलं. काजूचं झाड एकदा धरलं की उन्हाळ्यात पाणी मागत नाही, हे ती माणसं जाणून होती. २०२३च्या जानेवारीपासून मोप्याच्या विमानतळावर विमानं उतरू लागली आहेत आणि रेडी-शिरोडा-आरवली पट्ट्यात जमिनीला गिऱ्हाईक वाढलंय. नव्या बंगल्याच्या प्रत्येक चित्रात घरापुढे एक हिरवा चौकोन रंगवलेला असतो. एका दादाचे एक लाख लिटरही विहिरीला सोसले नाहीत. असे चाळीस चौकोन एकाच झऱ्यावर आले तर शेजारणीच्या विहिरीचं काय, हा प्रश्न ग्रामसभेत आत्ताच विचारला गेला पाहिजे.

गवताची बाजूही सांगायला हवी. पावसाळ्यात दादाच्या उरलेल्या हिरवळीनेही चांगलं काम केलं. उतारावरची माती वाहून गेली नाही, पागोळ्यांखाली खळगे पडले नाहीत, चिखल घरात आला नाही. उन्हाच्या दिवसांत फरशीपेक्षा ती कितीतरी थंड असते. आज गावागावांत जो सिमेंटच्या ठोकळ्यांचा सपाटा चाललाय, त्यापेक्षा गवत केव्हाही बरं. ठोकळे दिवसभर तापतात आणि रात्रभर घराला भाजतात. काकीनेही कबूल केलं, "पायाक गार लागता, ता खरा. पण आमसोलां खंय सुकत घालूची?"

तिचा प्रश्न मला या सगळ्या हिशेबातला सर्वांत मोठा वाटतो. ज्यांनी कोकणातलं खळं पाहिलं नाही त्यांना वाटेल, घरापुढची रिकामी जागा, तिथे गवत लावलं तर बिघडलं काय? पण खळं आपोआप असत नाही, ते दरवर्षी घडवावं लागतं. पाऊस सरला की वर उगवलेलं सगळं गवत खरवडून काढायचं, नवी माती घालायची, पाणी मारून ती मुरू द्यायची, मग माणसांनी ओळीने बसून चोपण्याने चोपायची, तळहात फिरवला तर खडा लागणार नाही इतकी. मग शेणाचा सडा, सारवण, आणि पुन्हा पुन्हा सारवण. वर माडाच्या विणलेल्या झापांचा मांडव. दिवाळीपर्यंत खळं तयार झालं पाहिजे, कारण त्यानंतर तुळशीचं लग्न तिथेच लागतं. भात तिथेच झोडतात आणि वाळवतात. मग मिरच्या, मग सुकं, मग उन्हाळ्यात आमसुलं, फणसाची साठं, कुळीथ. रात्री माणसं तिथेच बसतात, झोपतात. घरातलं लग्न आणि घरातलं मरण दोन्ही तिथूनच बाहेर पडतं. सारवलेल्या जागेवर फुरसं आलं तर कंदिलाच्या उजेडातही दिसतं. गवतात दिसत नाही, आणि आमच्या कातळाच्या मुलखात फुरसं ही रोजची भीती आहे.

तेव्हा हजार फूट हिरवळीच्या खर्चात हजार फूट खळंही धरायला हवं. दादाच्या घरी गेल्या वर्षी तुळशीचं लग्न गच्चीवर लागलं. आमसुलं शेजाऱ्यांच्या खळ्यात सुकली, आणि काकी दुपारभर तिथे कावळे हाकत बसली. मी मे महिन्यात गेले होते तेव्हा ती मला आमच्या घरी भेटली नाही, तिथे भेटली.

जून जवळ आला तसा दादाने स्वतःच विषय काढला. गवत निम्म्याहून जास्त मेलं होतं. पुन्हा ट्रक मागवायचा का? तेव्हा मी त्याला बागकामाच्या जुन्या पुस्तकांतली एक रीत वाचून दाखवली. तयार चटया अंथरणं ही सगळ्यांत महाग रीत. त्याखालोखाल कांड्या टोचण्याची: हराळीच्या पेरवाल्या कांड्या वीत-वीत अंतराच्याही आत, साधारण पंधरा सेंटिमीटरवर खोचायच्या. हजार फुटांना चार हजारांच्या वर कांड्या लागतात, पण एक चौरस मीटर गवत उपटलं तर दहा चौरस मीटर सहज लावून होतं, आणि पावसाळ्याच्या जोरावर दोन-तीन महिन्यांत जमीन झाकली जाते. तिसरी रीत ऐकताना काकी स्वयंपाकघरातून बाहेर आली. हराळीचे बोटभर तुकडे करायचे, ते ताजं शेण, माती आणि पाणी यांच्या रबडीत कालवायचे आणि ही रबडी ओल्या जमिनीवर सारखी लिंपायची.

"म्हंजे सारवूचाच मां?" काकीने विचारलं.

सारवायचंच. फक्त शेणात हराळी.

तिने ते काम मिरगाच्या आधी आठ दिवस काढलं. आमच्या मेरेवरची हराळी, दोन भारे. गोठा आता रिकामा आहे, शेण शेजाऱ्यांकडून आणलं, त्याच काकूकडून. जागा तिने स्वतः आखली: घराच्या पश्चिमेची, पागोळ्यांखालची, जिथे पावसात माती वाहते आणि दुपारनंतरचं ऊन येतं, ती दोनशे फुटांची पट्टी. न्हाणीचं पाणी तिकडेच उतरतं, त्यामुळे वेगळं पाणी फार घालायला नको. लिंपल्यावर मोठ्या सरीने रबडी धुऊन जाऊ नये म्हणून वर जुनी झापं अंथरली आणि दहा-बारा दिवसांनी अंकुर दिसताच काढली. पैशांत सांगायचं तर दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी. आवणाच्या दिवसांत मी गेले तेव्हा तिथे पायाखाली दाट हिरवं होतं आणि त्यात घाटावरच्या मातीचा कणही नव्हता. लाजरी होती, ती काकी हाताने काढत होती.

पुढल्या आठशे फुटांचं मेलेलं गवत दादाने गणपतीनंतर खरवडून बांधावर टाकलं. पाच ब्रास विकतची माती मात्र वाया गेली नाही. परवा मी पोहोचले तेव्हा ती पाण्याने भिजवून मुरत ठेवली होती आणि माळ्यावरून दोन चोपणी खाली काढलेली होती. त्यातल्या एकाची मूठ वाळवीने खाल्ली होती; दादा सुताराकडून नवी बसवून आणायला निघाला होता. त्याला चोपायची सवय नाही, अर्ध्या तासात पाठ भरून येते. काकी जोत्यावर बसून सांगत होती, हात कुठे धरायचा, घाव सपाट कसा पडू द्यायचा. मी दुसरं चोपणं घेतलं.

पश्चिमेच्या पट्टीतून हराळीचे दोन-तीन तंतू खळ्याच्या कडेवर सरकून आले होते. काकीने ते ओढले, पेरापेराने मोजून पाहिले, आणि कोवळे शेंडे खुडून पदरात धरले. बाकीचं तिने शेजारच्या वासरापुढे टाकायला माझ्या हातात दिलं.